गावचा इतिहास : शोध, लेखन व प्रकाशन
(शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांस उत्तरे)

आपल्या गावाचा इतिहास कोणीतरी लिहून ठेवावा, ही इच्छा बहुतेक गावांत बोलून दाखविली जाते. आणि असे लिहिण्याजोगा मनुष्य म्हणून गावकरी प्रथम शाळेकडे पाहतात, हेही स्वाभाविक आहे. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील शिक्षकबंधुभगिनींकडून या विषयावर वेळोवेळी जे प्रश्न येतात ते बहुधा सारखेच असतात. साधने कोठे मिळतील, जुन्या लिप्यांचे काय करावे, ऐकीव माहिती कितपत ग्राह्य धरावी आणि लिहून झाल्यावर पुस्तक छापावे कसे, हे त्यांपैकी मुख्य होत. त्यांची उत्तरे येथे क्रमाने दिली आहेत.

आरंभी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. इतिहाससंशोधन हे केवळ विद्यापीठातील विद्वानांचेच काम आहे, असा समज बाळगण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध करणारे वि. का. राजवाडे कागदांच्या शोधात गावोगाव फिरले. आपल्या निलंग्यास १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद संस्थानात शासकीय सेवेत होते. नोकरीच्या निमित्ताने ज्या लोकांत राहणे झाले त्यांच्या गोंडी व कोलामी भाषा ते शिकले, फारसी साधनांच्या आधारे त्यांनी इतिहासग्रंथ लिहिले आणि पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियरांच्या संपादनाचे कामही केले. नोकरी सांभाळून चिकाटीने अभ्यास करणाऱ्यास काय साधते, याचे हे आपल्या घरचेच उदाहरण होय.

प्रश्न १. आमच्या गावी किल्ला नाही, लेणे नाही, जुने देवालयही नाही. मग लिहावे काय?

कंधार, उदगीर, औसा, माहूर, खरोसा किंवा होट्टल ही स्थळे थोडी. गावे मात्र हजारो आहेत. राजे आणि लढाया एवढाच इतिहास मानला तर या हजारो गावांना इतिहासच नाही असे म्हणावे लागेल. परंतु गावठाण प्रथम कोठे वसले, वेस व बारव कोणी बांधली, आठवड्याचा बाजार केव्हा भरू लागला, बलुतेदारी कधी व कशी मोडली, ज्वारी व कापूस मागे पडून सोयाबीन केव्हा आले, १९७२ च्या दुष्काळात गावाने पाणी कोठून आणले, शाळेत पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली, हे सर्व इतिहासाचेच प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे गावाबाहेरच्या कोणासही देता येणार नाहीत. म्हणून विषय लहान घ्यावा व तो पुरा करावा. ‘आमच्या गावाचा इतिहास’ या विषयापेक्षा ‘आमच्या शाळेची पहिली पंचवीस वर्षे’ हा विषय पहिल्या लेखकास अधिक सोयीचा पडतो.

प्रश्न २. साधने कोठे शोधावीत?

जवळून दुरकडे जावे. पहिले साधन आपल्याच शाळेच्या कपाटात आहे. दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, पालकाचा धंदा, शाळा सोडल्याचे कारण या गोष्टी नोंदलेल्या असतात. पन्नास वर्षांच्या नोंदी ओळीने वाचल्या म्हणजे कोणत्या वस्तीतील मुले केव्हा शाळेत येऊ लागली, कोणत्या वर्षी अनेक मुलांची नावे एकदम कमी झाली, धंदे कसे पालटले, हे आपोआप दिसू लागते. जुने रजिस्टर जीर्ण झाले असल्यास प्रथम त्याची छायाचित्रे घेऊन ठेवावीत.

दुसरे साधन ग्रामपंचायतीचे ठराव व नोंदवह्या. तिसरे, महसुली कागद. आपल्याकडे १९५४-५५ चे खासरा पत्रक आणि सेतवार यांत शेतांचे क्रमांक, कबजेदारांची नावे व जमिनीचा प्रकार कळतो. चौथे साधन लोकांच्या घरी असते. इनामाच्या सनदा, मुंतखब, सावकारी वह्या, जुन्या लग्नपत्रिका, पोस्टकार्डे, भजनी मंडळाच्या वह्या यांस घरचे लोक रद्दी समजतात. अभ्यासकास ते धन आहे. मूळ कागद मात्र घरी नेऊ नये. मालकाच्या समक्ष छायाचित्र घ्यावे, कागद तेथेच परत द्यावा आणि कागद कोणाच्या घरी, कोणत्या तारखेस पाहिला ते लिहून ठेवावे.

छापील साधनांत नांदेड जिल्ह्याचे १९७१ चे व उस्मानाबाद जिल्ह्याचे १९७२ चे गॅझेटियर आणि जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका प्रथम पाहाव्यात. मुक्तिसंग्रामासाठी अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ वाचल्यावाचून पुढे जाऊ नये. गावातील घटना कोणत्या मोठ्या घटनांशी जोडलेल्या आहेत, ते त्यावरून ध्यानात येते.

प्रश्न ३. आमच्या तालुक्याचे जुने दप्तर जिल्ह्याच्या कचेरीत सापडत नाही. असे का?

कारण जिल्ह्याच्या सीमा अनेकदा बदलल्या आहेत. हे न जाणल्यामुळे अभ्यासकाचे महिने वाया जातात, म्हणून याचा थोडा विस्ताराने विचार करू.

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपला सर्व प्रदेश हैदराबाद राज्यात होता. त्या वेळी अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. राज्यपुनर्रचनेनंतर ते उस्मानाबादेस जोडले गेले. लातूर जिल्हा तर १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला. तेव्हा उदगीरच्या एखाद्या गावाचा शोध १९५६ पूर्वी बीदर, पुढे १९८२ पर्यंत उस्मानाबाद, व त्यानंतर लातूर या नावाखाली घ्यावा लागतो. नांदेडकडेही हाच प्रकार आहे. किनवट तालुका व इस्लापूर मंडळ ही १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होती. उलट देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे, आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे, नांदेडातून निघून तेलुगू भाषकांच्या राज्यात गेली. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांतील सोयरिकी व बाजार आजही सीमेपलीकडे का आहेत, याचा उलगडा यातून होतो.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. निजामाच्या राज्यात सर्व गावे दिवाणी अंमलाखाली नव्हती. काही सर्फ-ए-खास म्हणजे खुद्द निजामाच्या खासगीकडे, काही पायगांकडे, काही जहागीरदारांकडे होती. १९४९ साली जहागिरी रद्द होईपर्यंत अशा गावांचा वसूल व कारभार त्या त्या धन्याच्या कचेरीतून चाले. म्हणून आपले गाव दिवाणी होते की जहागिरीचे, हा पहिला प्रश्न गावातील वृद्धांस विचारावा. हैदराबादच्या मध्यवर्ती कचेऱ्यांची दप्तरे आज हैदराबाद येथील तेलंगण राज्याच्या पुराभिलेखागारात आहेत. पत्राने आधी चौकशी करून, विषय, गाव, जुना जिल्हा व वर्षे निश्चित कळवूनच तेथे जावे.

प्रश्न ४. जुन्या कागदांवरील सन कसे समजावेत?

आपल्या भागातील कागदांवर मुख्यत्वे शक, फसली, शुहूर व हिजरी असे सन आढळतात. त्यांचे स्थूल कोष्टक पुढीलप्रमाणे आहे.

शकात ७८ मिळविल्यास इसवी सन येतो. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीस ७९ मिळवावेत. अलीकडच्या हैदराबादी फसलीचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई; त्यात ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांस ५९० व पुढील महिन्यांस ५९१ मिळवावेत. मराठेशाहीच्या कागदांतील शुहूर सन मृगापासून सुरू होतो. त्यात वर्षअखेरपर्यंत ५९९ व जानेवारीपासून मृगापर्यंत ६०० मिळवावेत. हिजरी वर्ष चांद्रमासांचे असल्याने असा सरळ हिशेब चालत नाही. त्यासाठी छापील जंत्री पाहावी.

दोन उदाहरणे घेऊ. हैदराबाद मुक्त झाले ती १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख फसली १३५७ मध्ये पडते. १३५७ अधिक ५९१ बरोबर १९४८. सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला ती उदगीरची लढाई ३ फेब्रुवारी १७६० ची. ती शके १६८१ ची. १६८१ अधिक ७९ बरोबर १७६०. हिशेब वर्गात मुलांकडून करून घेतल्यास गणित व इतिहास या दोहोंचा मेळ बसतो. आपल्या लेखनात मात्र मूळ कागदावरचा सन जसाच्या तसा लिहून, इसवी सन त्यापुढे द्यावा. मूळ सन गाळू नये.

प्रश्न ५. मोडी व उर्दू येत नसल्यास काय करावे?

मोडी ही मराठीचीच लिपी आहे, भाषा नव्हे. दररोज अर्धा तास दिल्यास काही महिन्यांत अक्षरओळख होते. पुढे वाचनाचा वेग सरावानेच वाढतो. निजामी कारभाराचे कागद पूर्वी फारसीत व नंतर उर्दूत आहेत. त्यासाठी आपल्याच तालुक्यातील उर्दू माध्यमाच्या शाळेतील सहकाऱ्यांची मदत घ्यावी. एकाने मोडी वाचावी व दुसऱ्याने उर्दू, अशी जोडी जमली तर एका गावाचे दोन्ही बाजूंचे कागद उजेडात येतील. जे शब्द लागत नाहीत तेथे रिकामी जागा सोडावी. अंदाजाने शब्द घालणे हा मोठा दोष समजावा, कारण पुढचा लेखक तो अंदाज खरा धरून चालतो.

प्रश्न ६. शेतात वीरगळ, मूर्ती किंवा कोरीव लेख आढळल्यास काय करावे?

प्रथम जागा हलवू नये. दगड जेथे आहे तेथेच त्याचा अर्थ असतो. शेंदूर, तेल, रंग लावू नये. खडूने अक्षरे गिरवू नयेत. सकाळी किंवा सायंकाळी तिरपा प्रकाश पडतो, त्या वेळी छायाचित्र घेतल्यास झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. लांबी, रुंदी, दिशा व शेताचा गट क्रमांक लिहून ठेवावा.

लेखाची लिपी ओळखीची नाही म्हणून तो निरुपयोगी मानू नये. आपला प्रदेश राष्ट्रकूट व कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलाखाली होता, त्यामुळे येथे कानडीतील लेख पुष्कळ आढळतात. नांदेड जिल्ह्यातील कोरीव लेखांचे एक पुस्तक रित्ती व शेळके या अभ्यासकांनी १९६८ साली प्रसिद्ध केले. आपल्या गावचा लेख त्यात आला आहे काय, हे आधी पाहावे. वाचून झालेल्या लेखास ‘नवा शोध’ म्हणून जाहीर करण्याची नामुष्की त्यामुळे टळते.

नाणी अथवा पुरलेले द्रव्य सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. शाळेच्या संग्रहासाठी म्हणूनही असे द्रव्य ठेवून घेता येत नाही. संरक्षित स्मारकांच्या जागी खणणे, वस्तू उचलणे हाही गुन्हाच होय.

प्रश्न ७. दंतकथा व ग्रामनामाच्या व्युत्पत्ती लिहाव्यात काय?

अवश्य लिहाव्यात, परंतु दंतकथा म्हणूनच लिहाव्यात. नांदेड हे नाव नंदीने गोदातटी तप केल्यावरून ‘नंदितट’ असे पडले, असे काही सांगतात. काही ते नवनंदांशी जोडतात. दोन्ही कथा नोंदवाव्यात. त्यांतून लोकांनी आपल्या नगरीस काय मानले ते कळते. मात्र कोरीव लेखाचा पुरावा ही निराळी गोष्ट आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, हे त्यांच्या लेखांतून सिद्ध आहे, व हे लत्तलूर म्हणजे आपले लातूर असे विद्वान मानतात. यावरून या घराण्याचा लातूरशी पूर्वसंबंध सांगता येतो. ‘लातूर ही राष्ट्रकूटांची राजधानी होती’ असे विधान मात्र या बिरुदावरून करता येत नाही. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच लिहावे.

प्रश्न ८. वृद्धांच्या मुलाखती कशा घ्याव्यात?

हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे, कारण कागद आणखी दहा वर्षे थांबेल, माणसे थांबणार नाहीत. मुक्तिसंग्राम ज्यांनी जाणत्या वयात पाहिला ते आज नव्वदी ओलांडलेले आहेत. बिलोली तालुक्यात १९४६ साली हुतात्मा झालेले गोविंदराव पानसरे किंवा उमरीच्या बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी मुक्तिसैनिकांनी घातलेला छापा या गोष्टी ग्रंथांत आल्या आहेत. परंतु त्या सैनिकांस भाकरी कोणी पोचविली, निरोप कोणी नेले, रझाकारांच्या भीतीने सीमेपलीकडच्या कॅम्पांत कोण गेले व मागे राहिलेल्या बायकांनी शेत कसे सांभाळले, हे ग्रंथांत क्वचितच सापडते.

दुसरा विषय लातूर जिल्ह्याच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे दगावली अशी शासकीय नोंद आहे, आणि पन्नासांहून अधिक गावे नव्या जागी वसवावी लागली. नवी गावे सरळ रस्त्यांची व आखीव घरांची आहेत. जुन्या गावठाणात कोणाचा वाडा कोणत्या गल्लीत होता, वेस कोठे होती, पोळ्याची मिरवणूक कोणत्या वाटेने जाई, हे तेथे राहिलेल्यांनाच ठाऊक आहे. त्या वेळी चाळीस वर्षांचे असलेले गृहस्थ आज सत्तरी पार करून गेले आहेत. अशा गावांतील शिक्षकांनी दोन-चार जाणत्यांस एकत्र बसवून जुन्या गावाचा नकाशा घरोघर काढून घ्यावा. भूकंपानंतर जन्मलेल्या मुलांस आपल्या आजोबांचे गाव पाहण्याचे दुसरे साधन नाही. मात्र ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांस त्या रात्रीविषयी आपण होऊन विचारू नये. गाव कसे होते हे विचारावे. ते स्वतः सांगू लागले तर शांतपणे ऐकावे.

मुलाखतीस जाण्यापूर्वी दहा प्रश्न लिहून न्यावेत. ‘तेव्हा फार त्रास होता, होय ना?’ असा उत्तर सुचविणारा प्रश्न करू नये. ‘तेव्हा दिवस कसा जाई?’ असे विचारावे. वर्ष आठवत नसल्यास लग्न, दुष्काळ, थोरल्या मुलाचा जन्म अशा खुणांनी काळ ठरवावा. आवाज मुद्रित करावयाचा तर आधी परवानगी घ्यावी. सांगणाऱ्याची बोली तशीच उतरवावी, तिचे पुस्तकी मराठी करू नये. स्त्रियांस स्वतंत्रपणे विचारावे. पुरुषांच्या बैठकीत त्या बहुधा बोलत नाहीत. गावकुसाबाहेरच्या वस्तीत गेल्याशिवाय तर गावचा इतिहास अर्धाच राहतो. ज्या बारवेचे वर्णन एक घर अभिमानाने करते, तिचे पाणी दुसऱ्या घरास मिळत होते काय, हे त्या दुसऱ्या घरीच कळते.

प्रश्न ९. दोन घराणी एकच घटना निरनिराळी सांगतात. काही गोष्टी लिहिल्या तर गावात वाद होईल. तेथे काय करावे?

दोन हकिकती असल्यास दोन्ही द्याव्यात, कोणी सांगितली ते लिहावे आणि कागदाचा आधार कोणत्या बाजूस आहे तेवढे दाखवावे. न्यायाधीश होण्याची घाई करू नये. देणगी देणाऱ्या घराण्याचे नाव मोठे करण्यासाठी दुसऱ्याचे गाळणे हे मात्र अक्षम्य आहे.

१९४८ चा काळ हा आपल्याकडील सर्वांत नाजूक विषय आहे. रझाकारांच्या जुलमाने गावे होरपळली, हे सत्य आहे. पोलीस कारवाईनंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांवरही आपत्ती कोसळली, हेही सत्य आहे. त्याची पाहणी करण्यास पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती, व तिचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. गावच्या इतिहासात एक दुःख लिहून दुसरे झाकले तर तो इतिहास राहत नाही. तसेच ज्या शेजाऱ्यांनी परस्परांस घरात लपवून वाचविले त्यांच्या कथाही आवर्जून मिळवाव्यात. हयात कुटुंबांस इजा पोचेल अशी नावे छापण्याचे कारण नसते. घटना व तिचा पुरावा महत्त्वाचा. पूर्ण टिपण नावांसह बंद पाकिटात एखाद्या ग्रंथालयाकडे ठेवता येते. मुलांच्या हाती द्यावयाच्या पुस्तिकेत कोणत्याही जातीस किंवा धर्मास दोषी ठरविणारे एकही वाक्य नसावे.

प्रश्न १०. लिहून झाल्यावर छापावे कसे?

प्रथम हस्तलिखित गावात वाचून दाखवावे. शाळेच्या पटांगणात एका सायंकाळी केलेले वाचन दहा परीक्षकांचे काम करते. चुकीची नावे, राहिलेली घराणी, उलटसुलट झालेली वर्षे तेथेच उघडी पडतात. एखादे प्रकरण आधी नियतकालिकात किंवा इतिहास परिषदेच्या अधिवेशनात निबंधरूपाने मांडल्यास जाणकारांचे मतही मिळते.

चाळीस ते साठ पानांची पुस्तिका पुरेशी होते. तीत गावाचा नकाशा, सनावळी, नावांची सूची आणि माहिती देणारांची यादी असावी. प्रती थोड्याच काढाव्यात. मागणी आल्यास पुन्हा काढता येतात. पुस्तकास आंतरराष्ट्रीय ग्रंथ क्रमांक नवी दिल्ली येथील राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी मध्यस्थास पैसे देऊ नयेत. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांस प्रत्येकी एक प्रत प्रकाशनापासून तीस दिवसांत पाठवावी. ती पाठविल्याने आपल्या लहान गावाचे पुस्तक देशाच्या संग्रहात कायमचे जाते. जिल्हा ग्रंथालय, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि आपली शाळा यांसही प्रती द्याव्यात.

दुसऱ्याच्या पुस्तकातील मजकूर व छायाचित्रे यांवर लेखकाच्या मृत्यूनंतर साधारणपणे साठ वर्षे हक्क असतो. परवानगीवाचून ती घेऊ नयेत. विक्रीपासून मोबदला घ्यावयाचा असल्यास सेवानियम पाहून वरिष्ठांस आधी कळवावे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. सर्वच एकदम करू पाहणाऱ्याच्या हातून काहीच होत नाही. चालू सत्रात प्रत्येक शाळेने दाखल-खारीज रजिस्टराच्या सर्वांत जुन्या भागाची छायाचित्रे घ्यावीत आणि गावातील सर्वांत वृद्ध अशा तीन व्यक्तींच्या, त्यांत निदान एक स्त्री असावी, मुलाखती वहीत उतरवाव्यात. चौथीच्या पुढील मुलांस प्रश्न विचारण्याच्या कामी सोबत न्यावे. ही वही मुख्याध्यापकांनी शाळेच्या दप्तरात क्रमांक देऊन ठेवावी, व बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत तिचा उल्लेख करावा. शिक्षक बदलून जातात. वही गावात राहिली पाहिजे.